अक्का, तू हरवली नव्हतीस

अक्का, परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. यावलच्या विहारात बसायला जागा उरली नव्हती. बायका ओट्यावर, पायऱ्यांवर, समोरच्या निंबाखाली बसल्या होत्या. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. शेवटी बाबा उठले. तुझा धाकटा भाऊ बोलणार म्हटल्यावर सगळे सरसावून बसले. मला वाटलं, आता हे रडणार. पण बाबांनी डोळे पुसले आणि तीच गोष्ट काढली. मोठ्या शहरातली प्राण्यांची बाग बघायला आम्ही अक्काला घेऊन गेलो आणि आमची अक्का तिथे हरवली. वाघ, हत्ती, माकडं सगळी जागच्या जागी, अक्का तेवढी गायब. लोक हसले. रडून दमलेल्या माणसांना हसायला काहीतरी हवंच असतं. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

मी हसले नाही. चौदा वर्षं झाली, ही गोष्ट मी लग्नात ऐकली, बारशात ऐकली, धुळ्याच्या एसटी स्टँडवर बाबांनी कुणा ओळखीच्याला सांगितली तेव्हाही ऐकली. दर वेळी मान खाली घालून बसले. कारण तू हरवली नव्हतीस. त्या दिवशी चार लोकांसमोर मी तुझी ओळख नाकारली आणि ते लपवायला तू हरवल्याचं सोंग घेतलंस. तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तिसऱ्या कुणाला कळलेलं नाही असं मी धरून चालले होते. माफी मागायची राहून गेली ती गेलीच. आता तू गेल्यावर लिहायला बसले आहे, म्हणजे काही फार मोठं करते आहे असं नाही. पण एवढं तरी करते.

त्या शहराचं नाव मी इथे घालत नाही. तिथले माळी तुला अजून विसरले नसतील. मी तेव्हा सहावीत होते. बाबांना नोकरीत पहिल्यांदाच एलटीसी मिळाली, आणि आई म्हणाली, 'अक्कांनाही घेऊ या.' बाबा जरासे थांबले. मला ते दिसलं, अक्का. तुझ्या राबण्यावर शिकलेला माणूस तो. तू धुळ्याकडच्या आपल्या खेड्यातून लग्न होऊन यावलला गेलीस, वर्षाच्या आत नवरा गेला, आणि तू तिथेच केळीच्या बागांमध्ये मजुरी करत राहिलीस. बाबा मॅट्रिक झाले, कारकून झाले, जळगावात मेहरूणच्या बाजूला आमचं घर झालं. त्या घरात बाबांचा एक नियम होता. शे, नही, बठ्ठा असलं गावाकडचं बोलायचं नाही, शाळेत हसतील. तू मात्र यावलला इतकी वर्षं काढूनही बोलायचीस ते धुळ्याकडचंच. तू घरी आलीस की मी खिडक्या लावून घ्यायचे. थंडी वाजते असं सांगायचे, मे महिन्यात.

निघताना तुझ्या बोचक्यात विळा निघाला. आईने कपाळाला हात लावला. 'अक्का, तिथे विळा कशाला?'

'हात रिकामा वाटस,' तू म्हणालीस, आणि तो फडक्यात गुंडाळून परत आत ठेवलास. त्याच्याशिवाय तू घराबाहेर पडलेली मी कधी पाहिली नाही. तुझ्या टोळीतल्या बायकांचंही तेच, प्रत्येकीचा आपापला विळा, दुसरीचा हातात धरायच्या नाहीत. बाबांनी काहीतरी पुटपुटून स्टेशनचा रस्ता धरला.

बागेत शिरलो आणि मी सगळं विसरले. खरं सांगते, त्या सकाळचा पहिला तास मी तुझाच हात धरून होते. पाण्यात एक काळा दगड होता. तो हलला, वर आला आणि त्याने तोंड उघडलं. केवढं तोंड ते. माझा धाकटा भाऊ बाबू, सातवीचा असल्यासारखा मिरवणारा पहिलीतला पोरगा, तो सरळ आईच्या पदरात घुसला. मला ओरडताही येईना. सगळी माणसं चिडीचूप झाली होती आणि तेवढ्यात तू मोठ्याने विचारलंस, 'याना दात कोन घासत व्हई?' आजूबाजूचे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले. हात तेव्हा सोडला की नंतर, ते आठवत नाही.

जिराफासमोर तू इतका वेळ मान वर करून उभी राहिलीस की डोक्यावरचा पदर घसरला. तुला पत्ता नाही. तुझं डोकं उघडं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. केस निम्मे पिकले होते. तो प्राणी एवढ्या उंचावर पान खात होता, आणि खाली तू, दिवसभर वाकून काम करणारी, इतकी ताठ उभी राहिली होतीस की मी जिराफ सोडून तुलाच बघत बसले.

आणि तो बिबट्या. बाकीचे पिंजऱ्यासमोरून पुढे गेले, तू थांबलीस. मग म्हणालीस, 'हाऊ मना वळखना शे.' सातपुड्याच्या पायथ्याच्या बागेत एकदा पहाटे पाणी द्यायला गेलेली असताना तुझ्यापासून चार हातांवर बिबट्या बसला होता, तू त्याच्याकडे बघत मागे मागे आलीस आणि त्याने तुला येऊ दिलं, हे आम्हाला पाठ होतं. पण हाच तो, हे तुझं म्हणणं नवीन होतं. मी म्हटलं, अक्का, बिबटे काय एकच असतात? यावर आपण पुढे चौदा वर्षं भांडलो. तू शपथेवर सांगायचीस की त्याने तुला पाहून कान हलवला. मी म्हणायचे, माशी बसली असेल. आता कोण जिंकलं ते कसं ठरणार? तू तर भांडण अर्धवट टाकून गेलीस. पण एक कबूल करते. तू बाजूला झालीस तसा तो उठला आणि तू गेलीस त्या बाजूला गजांपर्यंत आला. मी हे तुला कधी सांगितलं नाही. हरायची माझी तयारी नव्हती.

दुपारी बाबू हट्टाला पेटला की पाणघोडा परत बघायचा. बाबा त्याला घेऊन गेले, आई झाडाखाली डबा सांभाळत बसली. चार वाजता फाटकाशी भेटायचं ठरलं. आणि आपण दोघी काचघर बघायला गेलो.

दाराशीच तू चपला काढल्यास. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, 'अक्का, घाल गं, इथे कुणी काढत नाही.' तू ऐकलंच नाहीस. आत पाऊल टाकलं आणि गरम ओली हवा अंगावर आली. वर सगळी काच, काचेवर पाण्याचे थेंब, आणि खाली झाडंच झाडं. माझ्यापेक्षा लांब पानं. माश्या खाणारी झाडं, त्यांच्या पानांना लोटीसारखे लोंबते गडू. झाडाच्या खोडावरच फुटलेली फुलं, त्यांना मातीच नाही. मी नुसती बघत राहिले, तोंड उघडं टाकून. अशी झाडं जगात आहेत आणि आपण इतकी वर्षं मेहरूणच्या तळ्यालाच मोठं समजत होतो, असं काहीतरी मनात आलं. तू अगदी हळू म्हणालीस, 'बठ्ठा जगना झाडं आठे शेतस.' आणि एकेका पानाखाली वाकून बघू लागलीस.

तेवढ्यात एका शाळेची सहल आत आली. निळे झगे, पांढरे मोजे, माझ्याच वयाच्या मुली. एकीने मला शाळा विचारली, इयत्ता विचारली, आपली रिबीन ठीक करत बोलत राहिली. मी अगदी पुस्तकातलं मराठी बोलत होते. मला ती फार आवडली. तुझ्याकडे पाठ करून उभी होते मी, मुद्दाम.

तू पुढे गेली होतीस. कोपऱ्यात केळ होती. आपल्यासारखी नव्हे, बारीक खोडाची, पानं खालून लालभडक, पुढे लांबलचक नावाची पाटी. तिच्या बुडाशी एक पील, म्हणजे कंदातून फुटलेला नवा कोंब, आलं होतं, वीतभर. आता हे फक्त तुम्हा बागेतल्या बायकांनाच कळेल. केळीच्या बुडाशी पील दिसलं की हात थांबत नाही. ते आईचं अन्न खातं, ते काढलं नाही तर घड भरत नाही. दिवसाला शेकड्यांनी पिलं कापणारा तुझा हात. तू बोचकं उघडलंस, वाकलीस, आणि खसकन एक आवाज झाला. पील जमिनीसरसं साफ. तू ते उचलून बाजूला ठेवलंस आणि केळीच्या खोडावर थोपटलंस. कुणी केलं नव्हतं ते काम तू करून दिलं होतंस.

रखवालदार ओरडत धावत आला. त्याने तुझ्या हातातला विळा हिसकावला. मुली किंचाळत मागे झाल्या, मग गोळा झाल्या. 'कोणाची आहे ही बाई? कोणाबरोबर आली?' तू गोंधळून माझ्याकडे पाहिलंस. रखवालदाराने तुझी नजर धरली आणि तो माझ्याकडे वळला. 'ए मुली, ही तुझी कोण?'

रिबीनवाली माझ्याकडे बघत होती.

'कोणी नाही,' मी म्हटलं.

तू लगेच म्हणालीस, 'मी एकलीच शे भाऊ. हाई पोर मनी नही.' इतकं पटकन आणि इतक्या सहज बोललीस की रखवालदाराने माझ्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. सहलीबरोबरच्या बाईंनी मुलींना बाहेर नेलं. मी एका मोठ्या पानाआड सरकले. पळून जाऊन बाबांना बोलावता आलं असतं. तेही मी केलं नाही.

मुख्य माळी आला. म्हातारा होता, खाकी सदरा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने जमिनीवरचं पील पाहिलं आणि तो ओरडलाच नाही. मटकन खाली बसला. 'सहा वर्षांत पहिलं पील होतं हो बाई,' तो म्हणाला. 'फार लांबून आणलेली केळ. हे मोठं झालं म्हणजे दुसरं झाड झालं असतं.' त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तुझा चेहरा एकदम उतरला. विळा हिसकावला तेव्हा उतरला नव्हता, तो आता उतरला.

मग तू त्याच्या शेजारी उकिडवी बसलीस. 'भाऊ, हाई पील मराव नही,' तू म्हणालीस. 'कंद जमीनमा शे. बठा आठे. देखा.'

रखवालदार म्हणाला, 'काय बसा नि काय बघा? पोलिसाला बोलावतो.' म्हाताऱ्याने हाताने त्याला थांबवलं. तो तुझ्याकडे बघत होता. एका झाडवाल्याला दुसरा झाडवाला कळत असावा. तू पाणी मागितलंस, कापलेल्या जागेभोवतीची माती बोटांनी मोकळी केलीस, चार थेंब शिंपडलेस, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिलीस. तोही बसला. थोड्या वेळाने रखवालदारही बसला, विळा मांडीवर घेऊन.

मी पानाआडून बघत होते. जमिनीसरशी कापलेली ती गोल चकती, पांढरी, ओली. काहीच होत नव्हतं. मी मनात म्हणत होते, हो रे, काहीतरी हो. माझे पाय भरून आले. आणि मग त्या चकतीच्या बरोबर मधोमध एक ठिपका वर आला. भाताच्या शिताएवढा. मला वाटलं भास आहे. पण म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वाकला. ठिपका वर येत होता. डोळ्यांना दिसेल असा. बाकीची चकती तिथेच होती आणि आतलं कोवळं पान आपलं निवांत वर सरकत होतं, कोणी कापलंय याची त्याला खबरच नव्हती. पाऊण तासात नखाएवढं झालं. त्या दिवशी मी पाणघोडा पाहिला, जिराफ पाहिला, पण अंगावर काटा आला तो हे बघून. आजही लिहिताना आला.

'आम्हू मरी जासूत, पन हाई मराव नही,' तू म्हणालीस. 'पंधरा दिनमा पान सोडी.' आणि हसलीस. रोज कापायचं आणि पंधरा दिवसांनी तेच परत कापायचं, याची किती वैतागून तक्रार करायच्या तुम्ही बायका. तीच गोष्ट तू त्याला सोन्यासारखी दिलीस.

म्हाताऱ्याने तुझ्या हातात विळा स्वतः दिला. मग त्याने तुला अख्खं काचघर दाखवलं. तू एकेका झाडाला हात लावत होतीस, याला पाणी जास्त होतंय, याच्या मुळाशी हवा नाही, असं सांगत होतीस, तो मान हलवत होता. रखवालदार तुमच्या मागे हात बांधून चालत होता. अनवाणी होतीस तू, आणि त्या काचेखालून येणाऱ्या उजेडात इतकी मोठी दिसत होतीस की मला भीतीच वाटली. ही माझी आत्या आहे असं आता ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण आता सांगणं म्हणजे किती लाजिरवाणं, हे अकरा वर्षांच्या मलाही कळत होतं. म्हाताऱ्याने विचारलं, 'बाई, बरोबर कोण आहे? सोडून येतो.' तू पुन्हा म्हणालीस, 'एकलीच शे.'

बाहेर पडून तू फाटकाकडे न जाता उलट्या बाजूला, हत्तीच्या वाटेला लागलीस. मागे वळून पाहिलं नाहीस. मी आधी पोचावं म्हणून, हे मला फाटकाशी उभी राहिल्यावर कळलं. 'अक्का कुठे?' बाबांनी विचारलं. 'माहीत नाही,' मी म्हटलं. एकाच दिवसात दुसऱ्यांदा.

तू आलीस तेव्हा बाबा लाल झाले होते. 'वाट सापडनी नही,' तू म्हणालीस. बाबांनी गाडीत बसेपर्यंत तुझी खरडपट्टी काढली. काय गावंढळपणा, पोरीलाही सांभाळता येत नाही, एकटीला सोडून गेलीस तिला. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. मी शेजारी होते. तू मला पेरू कापून दिलास आणि मी तो खाल्ला. अजून मला त्याचा राग येतो, की मी तो खाल्ला.

एकदा प्रयत्न केला होता मी, तुला आठवत असेल. धुळ्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा सांगायला यावलला आले. तू बागेत पिलं कापत होतीस. मी पेढे बांधावर ठेवले आणि म्हटलं, 'अक्का, त्या दिवशी काचघरात मी...' तू मला पुढे बोलूच दिलं नाहीस. 'हाऊ घड देख, कसा निसवना शे,' म्हणून माझा खांदा धरून वळवलंस. घड खरंच सुंदर होता. मी घड पाहिला आणि परत निघाले. मला वाटलं, तुला ते आठवणसुद्धा नको आहे.

आता परवाचं सांगते. बाबांची गोष्ट संपली, लोक हसून झाले, चहा आला. तुझ्या टोळीतली कमलबाई माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, 'तुझे बाबा कायले अशी खोटी गोष्ट सांगतात गं? आम्हाले तर बठ्ठी खरी माहीत हाये.'

'कोणती खरी?' मी विचारलं.

'अक्का भाकर खायला बसली की सांगे,' ती म्हणाली. 'ते काचेचं घर, ते लाल पानाचं पील, तो म्हातारा माळी. आम्ही हजार वेळा आयकली. रखवालदारानं विचारलं, ही बाई कोणाची? तं सारे लोक गप. आन् भाची पुढे आली, येवढीशी पोर, अक्काचा हात धरला आन् म्हणे, माही आत्या हाये. तूच ना ती?'

तिच्यामागच्या तीन-चार बायका माझ्याकडे बघत होत्या. किती कौतुकाने बघत होत्या, अक्का. नव्या आलेल्या सुनेला एक जण दाखवत होती, ही बघ, ही ती.

मी म्हटलं, 'नाही. मी तसं म्हटलं नव्हतं.' आणि मग तिथेच, विहाराच्या पायरीवर, सगळं सांगितलं. मोठ्याने सांगितलं, कारण बाबा समोर होते. रिबीन, पान, फाटक, पेरू, काही सोडलं नाही. बाबा ऐकता ऐकता खाली बसले. हातातला चहा त्यांनी तसाच बाजूला ठेवला. नंतर यावल ते जळगाव एसटीत, भुसावळच्या अलीकडे की पलीकडे कुठेतरी, ते म्हणाले, 'मी तिला गावंढळ म्हटलं होतं.'

कमलबाईने मात्र माझं सगळं ऐकून घेतलं, पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, 'असू दे. आम्ही अक्कानं सांगितली तशीच सांगू.' तिला समजावायला गेले तर उठून कप गोळा करायला लागली.

म्हणजे चौदा वर्षं, उन्हातान्हात, भाकरीच्या वेळी, तू मला रोज पानाआडून बाहेर काढत होतीस आणि माझा हात धरून उभी करत होतीस. मी नव्हते तिथे मला आणून ठेवत होतीस. आणि मी धुळ्यात बसून समजत होते की तू विसरलीस.

मला हे नको होतं गं अक्का. तू एकदा, एकदाच, माझ्यावर रागवायला हवं होतंस.